उपरण्याखालची वॉरंटी

पाठीला पाठ लावून बसलं की समोरच्याचं बोलणं कानाआधी पाठीला कळतं, हे मला साठी उलटल्यावर समजलं. मी हँडल धरून पुढं बघायचो. बायको मागं तोंड करून बसलेली असायची. आणि ओढ्यातल्या गोट्यांवरून ती चार चाकांची गाडी गाभण म्हशीसारखी डुलत डुलत वर चढायची. मला दिसायचं ते यायचं असलेलं, तिला दिसायचं ते मागं पडलेलं. ती म्हणायची, बाभळीवर बगळे उतरले. मी त्या बाभळीखालून आत्ताच गेलेलो असायचो आणि मला एकही बगळा दिसलेला नसायचा.

सोनईच्या अलीकडं आमचं गाव आणि गावाच्या वर माळ. माळाच्या डोक्यावर आमचा एक खडकाळ तुकडा आहे, तिथं बायकोनं सीताफळं लावली. लग्नानंतरच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी माहेराहून येताना तिनं बिया पदराच्या गाठीत आणल्या होत्या. मी तेव्हा हसलो होतो. म्हशींच्या मागं फिरणाऱ्या माणसाला झाडाचं काय कौतुक असणार. पण ती डोक्यावर कळशी घेऊन दोन उन्हाळे तो चढ चढली आणि पंचवीसेक झाडं जगली. पुढं गोठा वाढला, घर झालं, माणसं कामाला आली, तरी दिवाळीच्या आधीची सीताफळं ती स्वतः तोडायची. त्या दिवसांत कुणाला झाडाला हात लावू द्यायची नाही.

दोन वर्षांपूर्वी ती गोठ्यात घसरली आणि खुबा मोडला. ऑपरेशन नीट झालं, काठी घेऊन घरात हिंडू-फिरू लागली. पण डॉक्टरांनी चढ चढायचा नाही असं सांगितलं, आणि त्या दिवसापासून माळ तिच्यासाठी आभाळाएवढा लांब गेला. जीप ओढ्यापाशी थांबते. ट्रॅक्टरवर बसवायचं म्हटलं तर दणक्यानं कळ निघायची. पहिल्या वर्षी सीताफळं मी आणली. ती एकेक फळ हातात घेऊन विचारायची, हे कुठल्या झाडाचं? मी काहीतरी सांगायचो. तिला कळायचं की मी थापा मारतोय. ती फळ परत टोपलीत ठेवायची.

म्हणून मी ती गाडी घेतली. कागदावर तिचं नाव एटीव्ही. गावात कुणी तिला बेडूक म्हणतं, कुणी चार चाकांची फटफटी. बायकोनं पहिल्याच दिवशी तिला रेडकू म्हटलं, आणि घरात तेच राहिलं. लोकांना मी सांगितलं की चारा आणायला घेतली.

आता सौद्याचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच बिघडलं.

घोडेगावच्या बाजारात मी म्हशींचा व्यापार करतो. सुरुवातीला दुसऱ्याच्या म्हशी रात्रभर चालवत बाजारात नेऊन पोचवायचो. मग एक म्हैस अर्धेलीत, म्हणजे अर्ध्या भागीत, मग स्वतःची एक. आमच्या धंद्यात भाव तोंडानं होत नाही. विकणारा आणि घेणारा उपरण्याखाली हात हातात घेतात आणि बोटं दाबून बोलतात. भोवतीच्या लोकांना फक्त हलणारं कापड दिसतं. शेवटचा दाब बसला की सौदा झाला. मग विकणारा म्हशीबद्दल जे सांगतो, दूध किती, मारकी आहे का, कासेत काही खोड आहे का, ती त्याची बोली. ती कुठं लिहीत नाहीत. हात सुटायच्या आत जे बोललं गेलं ते बोलणाऱ्याला बांधून ठेवतं. माझा सगळा जन्म या कापडाखाली गेला. त्यामुळं गाडी घ्यायला शहरात, सावेडीच्या काचेच्या शोरूममध्ये गेलो तेव्हाही उपरणं खांद्यावरच होतं.

विकणारा पोरगेला होता, टाय लावलेला, गोड बोलणारा. मी त्याला तीनदा उठून जायचं दाखवलं, दोनदा दारापर्यंत गेलो. हेल्मेट आणि झाकायचं कव्हर त्याच्याकडून वर काढलं. मग मूळ मुद्द्यावर आलो. मला पुढं लोखंडी गार्ड हवं होतं, जोराचे दिवे हवे होते, गाडी रुतली तर ओढून काढायला तारेचा विंच हवा होता, आणि मागं बसायला काहीतरी हवं होतं. तो म्हणाला, कंपनीचं सामान महाग पडेल आणि यायला उशीर होईल. मी विचारलं, बाहेरून बसवलं तर? तो काही बोलायच्या आत मी त्याचा हात धरला आणि वरून उपरणं टाकलं. तो लाजून हसला. आजूबाजूची पोरं मोबाईल काढून बघायला लागली.

मी म्हटलं, "हात सुटायच्या आत सांगा. बाहेरचं बसवलं तर वॉरंटीला काही बाध येतो का?"

त्यानं माझा हात दाबला. "बिनधास्त बसवा काका. काही होत नाही."

झालं. माझ्या लेखी ती बोली होती. वॉरंटीचं पुस्तक त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलं. घरी गाडीची पूजा झाली तेव्हा बायकोनं त्या पिशवीवरही हळदकुंकू वाहिलं, आणि पुस्तक देवघराच्या फळीवर गेलं. तिथून ते उघडायचं कुणाच्या मनात आलं नाही. हात दिल्यावर पुस्तक कशाला वाचायचं?

पुढचे पंधरा दिवस मी पोळ्याचा बैल सजवावा तशी ती गाडी सजवली. गार्ड आलं, विंच आला, दोन सुरांचा हॉर्न आला. सोनईचा ट्रॅक्टरचा वायरमन मूळ वायरिंग कापून दिव्यांच्या पट्टीला जोड देऊन गेला. सगळ्यात शेवटी खुर्ची. वेल्डिंगवाल्याला मी घरातली जुनी सोफ्याची खुर्ची दिली. तो म्हणाला, मागच्या कॅरिअरवर पुढं तोंड करून बसवली तर मावशींचे पाय अडकतील, उलटी बसवू. म्हणून ती उलटी बसली. दोन बाजूंना धरायला दांडे, कमरेला पट्टा, पायाला फळी.

त्या महिनाभरातलं मला सलग काही आठवत नाही. आठवतं ते पहाटेचं धुकं, त्यातून निघालेलं रेडकू, आणि पाठीमागून येणारा तिचा आवाज. गोठ्यातल्या म्हशींच्या अंगातून वाफा निघायच्या आणि त्या वाफेतून आम्ही बाहेर पडायचो. बाजरीच्या कणसांवर दव असायचं. ओढा ओलांडला की खालचं गाव धुक्यात बुडून जायचं. मग ती सांगायची, देवळाचं शिखर तेवढं वर राहिलंय, आता तेही गेलं. मी हळू चालवायचो, इतकं हळू की एखादं कुत्रं बाजूनं चालत पुढं जायचं. वर गेल्यावर ती काठी टेकत झाडांमधून फिरायची, प्रत्येक बुंध्याला हात लावायची. फळं अजून हिरवी आणि घट्ट होती. चाळीस वर्षांत आम्ही एवढं बोललो नव्हतो, तेही एकमेकांचं तोंड न बघता.

मग एका सकाळी ओढ्याच्या वरच्या अंगाला मागच्या चाकातून घरघर यायला लागली. दहा पावलांवर चाक तिरकं झालं आणि गाडी बसली. बेअरिंग गेलं होतं. दिव्यांची पट्टी तर आठवड्याभरापूर्वीच विझली होती. मी ओरडलो, चाकाला लाथ मारली, वायरमनच्या सात पिढ्या काढल्या. बायको खुर्चीतच होती. तिला चालत खाली उतरवणं शक्य नव्हतं. शेजारच्या वस्तीवरची चार माणसं बाज घेऊन आली आणि तिला बाजेवर निजवून खाली आणलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाज आणली ती माणसं मान खाली घालून चालत होती. ती मात्र उताणी पडून वर बघत होती. घरी आल्यावर म्हणाली, झोपून आभाळ बघत कितीतरी वर्षांत कुठं गेले नव्हते. मग थोड्या वेळानं म्हणाली, "आता पंधरा-वीस दिवसांत सीताफळं डोळे उघडतील, तोडायला येतील."

एवढंच. मागणं नव्हतं, तक्रार नव्हती. पण मला दिवस मोजून दिले होते.

म्हशी चढवायला गोठ्यामागं मातीचा उंचवटा केलेला आहे, तिथूनच रेडकू पिकअपमध्ये चढवलं आणि सावेडीला नेलं. वर्कशॉपची मॅनेजर तिशीतली एक बाई होती, हात काळे, बोलणं मोजकं. ती गाडीभोवती एक फेरी मारून आली. वाकून बघितलं, कापलेल्या वायरीवरून बोट फिरवलं, मग खुर्चीपाशी थांबली. मी ओळखलं. बाजारात मी असाच म्हशीभोवती फिरतो. खोड सापडलेली असते आणि अजून तोंडातून काढायची नसते, तेव्हा माणसाची मान अशीच किंचित कलते.

ती म्हणाली, बाहेरचं सामान आहे, वॉरंटीत बसणार नाही. पुस्तकात लिहिलंय.

मी म्हटलं, पुस्तक राहू द्या, तुमच्या माणसानं हात दिलाय. त्याला बोलावलं. तोच टाय, तोच गोडवा. मी त्याला सगळं आठवून दिलं, उपरणं, दाब, शब्द न् शब्द. तो मॅनेजरकडं बघून हसला आणि म्हणाला, "म्हटलं असेन काका, बोलण्याबोलण्यात."

मी किल्ली काउंटरच्या काचेवर अशी आपटली की आतली माणसं बाहेर आली. काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. आजही ते शब्द आठवले की कानशिलं गरम होतात. त्यानं सरळ नाही म्हटलं असतं तर मी त्याला खोटारडा म्हणून सोडून दिला असता. पण बोलण्याबोलण्यात! मग आम्ही तीस-पस्तीस वर्षं घोडेगावात काय करत होतो?

बाईंनी मला ओरडू दिलं. मग पाणी दिलं. मी घोटभर प्यालो आणि माझ्या कामाला लागलो, म्हणजे घासाघीस. म्हटलं, दिवे माझ्याकडं, वायर मी कापली, कबूल. पण गार्डानं बेअरिंग खाल्लं का? हॉर्ननं खाल्लं का? विंच तर मी अजून वापरलेलाही नाही. त्यांनी मान डोलावली. म्हणाल्या, बरोबर आहे, ज्या सामानानं बिघाड झाला तेवढ्यापुरतंच मी अडवेन, बाकीच्याचं मी बघून घेते. मग त्यांनी खुर्चीवर हात ठेवला. "पण ही? ही गाडी एका माणसाची आहे काका. दुसऱ्याचं वजन पार मागं, एक्सलच्याही मागं लटकतंय."

मी खुर्चीचा पट्टा उगाच सरळ केला.

त्या आवाज खाली आणून म्हणाल्या की सोमवारी कंपनीचा माणूस तपासणीला येतोय. तोपर्यंत खुर्ची काढा, खालच्या पट्ट्या कापून घासून टाका. गाडी एकाच माणसानं वापरली असं लिहून सही द्या. पार्ट फुकट येईल, वॉरंटी चालू राहील. मात्र वॉरंटी आहे तोपर्यंत खुर्ची परत बसवायची नाही, नाहीतर माझी नोकरी जाईल.

मी तिथंच हात पुढं केला. परतीच्या रस्त्याला मी जिंकलो होतो. एवढ्या मोठ्या कंपनीला वाकवलं, फुकट पार्ट काढला, असं मी ड्रायव्हरला दोनदा सांगितलं.

बायको ओट्यावर सुपात बाजरी निवडत होती. मी सगळी हकीकत सांगितली, आवाज काढून, हातवारे करून. तिनं खडा उचलून बाजूला टाकला.

"मग म्या कुठं बसू?"

मी म्हटलं, वॉरंटी संपेपर्यंत दम काढ. मी वर जाऊन फळं आणीन, या खेपेला झाडाला खूण करून आणीन. आणि एवढं भांडण मी कुणासाठी केलं? त्या टायवाल्यानं शब्द फिरवला त्याचं काहीच नाही का?

ती बराच वेळ निवडत राहिली. उन्हं ओट्यावरून खाली उतरली. मग मान वर न करता म्हणाली, "पाथर्डीकडचा त्यो मानूस आठवतो का? म्हैस परत घिऊन आल्ता त्यो."

मला आठवत होता. त्याची बायकोही बरोबर होती, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून चालत आलेली. पाचव्या दिवशीच आली होती दोघं. म्हैस दूध चोरते म्हणाली, बोलीच्या निम्मंही देत नाही. मी विचारलं, धार कोण काढतं? तो म्हणाला, ही काढते. मी विचारलं, पेंड कुठली? त्यानं वेगळी सांगितली. मग मी दारातच हात झटकले होते. त्याच्या बायकोनं शांतपणे म्हटलं होतं की आमच्या हाताची सवय होईल तिला, पण तुम्ही हे आधी बोलला नाहीत. माझ्या बायकोनं त्यांना भाकरी दिली. ती दोघं गोठ्याच्या सावलीत बसून जेवली आणि म्हैस घेऊन आल्या वाटेनं गेली.

"त्याला तुमी काय म्हनला होता?"

मी उपरणं झटकून परत खांद्यावर टाकलं.

"हात बदलला, बोली संपली," ती म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.

मला त्या दिवशी तिचा राग आला. शोरूममध्ये आला त्याहून जास्त आला. मी गोठ्यात जाऊन उगाच माणसांवर ओरडलो. पण रागात एक गोष्ट मला आतून टोचत होती. ती मी कुणाला सांगितलेली नाही. टायवाल्यानं बहुधा ते पुस्तक माझ्यासारखंच उघडलं नव्हतं. मी मात्र त्या म्हशीला ओळखत होतो. ती एकाच हाताला पान्हा सोडायची, परका हात लागला की आखडायची. उपरण्याखाली आमचे हात होते तेव्हाही मला ते ठाऊक होतं. त्यानं विचारलं नाही आणि मी बोललो नाही, आणि त्यालाच मी इतकी वर्षं हुशारी म्हणत आलो.

सोमवारच्या आधी गाडी परत आणून वेल्डिंगवाल्याकडं नेली. त्यानं ग्राइंडर लावला, चष्मा चढवला. मी म्हटलं, थांब जरा. खुर्चीच्या पाठीला, जिथं तिचं डोकं टेकायचं तिथं, खोबरेल तेलाचा एक गोल डाग पडला होता. त्याच पाठीच्या माझ्याकडच्या बाजूला, चढावर माझी पाठ घासून कापड झिजलं होतं. मी ते बघत बसलो. त्यानं विचारलं, मारू का? मी म्हटलं, नको.

मॅनेजर बाईंना फोन केला. म्हटलं, कंपनीच्या माणसाला बोलावू नका, खुर्ची राहणार आहे. पलीकडं त्यांनी कागद चाळले. मग विचारलं, "नक्की ना काका? मला तसं लिहावं लागेल. मागच्या भागाची वॉरंटी बंद होईल."

"लिहा," मी म्हटलं. "खुर्ची आहे म्हनून लिहा."

त्यांनी लिहिलं. पण फोन ठेवायच्या आधी त्यांनीच सांगितलं की खुर्ची वीतभर पुढं आणि खाली घ्या, भार कॅरिअरवर नको, चौकटीवर येऊ द्या, आणि चढाला पहिल्या गिअरच्या वर जाऊ नका. एवढं त्यांनी मला फुकट दिलं, आणि ते मी मागितलेलंही नव्हतं. बेअरिंग सोनईच्या ट्रॅक्टर मेकॅनिककडून पदरच्या पैशानं बसवलं. दिव्यांची पट्टी काढून गोठ्यात टांगली, तिथं ती चांगली जळते.

खुर्ची पुढं आल्यानं आता आमच्या पाठी पूर्वीपेक्षा जवळ आल्या आहेत.

वर पोचलो तेव्हा उशीर झालाच होता. बरीच सीताफळं पाखरांनी फोडली होती, काही खाली पडून मुंग्यांनी भरली होती. ती काठी टेकत एकेका झाडाकडं गेली, पानं बाजूला करून बघत राहिली. उरली ती तिनं तोडली, ओटीत घेतली. एक फळ आम्ही दोघांनी दगडावर बसून खाल्लं. बिया तिनं मुठीत धरल्या. खाली घोडेगावच्या अंगाला धुरळा दिसत होता, शुक्रवार म्हणजे बाजाराचा दिवस होता. मी तीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदा बाजार चुकवला होता आणि वरून तो बाजार एखाद्या म्हशीच्या श्वासाएवढा दिसत होता.

माझा राग गेला असं नाही. सावेडीत गेलो की त्या शोरूमसमोरून मी अजूनही रस्ता ओलांडून जातो. फुकट सर्व्हिसिंगचे मेसेज येतात ते वाचून पुसतो. त्या पाथर्डीकडच्या माणसाचं गाव मी कधी विचारलं नव्हतं, त्यामुळं तिकडं जाणंही राहिलं. एवढंच करतो, म्हैस घ्यायला आलेल्याला सांगतो की घरी धार काढणारं माणूस घेऊन या, त्याच्या हातानं काढून बघा, मग हात द्या. दलाल हसतात. म्हणतात, म्हातारपणी शेठ ढिले पडले.

त्या दिवशी उतरताना ओढ्यात गाडी थांबवली, इंजिन गार व्हावं म्हणून. पाणी गोट्यांवरून बारीक वाजत होतं. माझं उपरणं खांद्यावरून मागं लोंबत होतं. तिनं तसाच मागं हात आणून, न वळता, उपरण्याखालून माझा हात शोधला आणि धरला. मग दोन बोटं दाबली. मला क्षणभर समजलं नाही. मग समजलं. आठवड्यातून दोनदा वर न्यायचं. इतकी वर्षं माझ्या घरात राहून ती बोटांची भाषा शिकली होती आणि मला पत्ता नव्हता.

मी एक बोट दाबलं. बाजार असतो, गोठा असतो.

तिनं तीन दाबली.

मी आयुष्यात कुणाला असं वर चढू दिलेलं नाही. हात सुटायच्या आत काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी म्हटलं, बरं. आणि किल्ली फिरवली.